‘गार्निश’ म्हणजे केवळ सजविणे नव्हे

पोह्यांवर कोथिंबीर-खोबरे पेरण्याला आमच्या आया-आज्यांनी कधी ‘गार्निश करणे’ म्हटले नाही. आज पाककृतींत तो शब्द सर्रास आढळतो आणि कोशात त्याचा अर्थ ‘सजविणे’ असा दिलेला असतो. स्वयंपाकघरात एवढ्याने भागते. न्यायालयात भागत नाही.

आमच्या सीमाभागातील एका मराठी दुकानदाराला इंग्रजी नोटीस आली. तीत त्याला ‘गार्निशी’ म्हटले होते. मुलाने कोश पाहिला. सजावटीपलीकडे काही हाती लागले नाही. नोटीस चुकून आली असावी, असे समजून दुकानदाराने थकलेले भाडे मालकाच्या हाती ठेवले. वस्तुतः मालकाविरुद्ध एका सावकाराला हुकूमनामा मिळाला होता आणि ते भाडे मालकाला न देता न्यायालयात भरावे किंवा हजर राहून कारण दाखवावे, असे नोटिशीत फर्माविले होते. दुकानदार आमच्याकडे आला तेव्हा उशीर झाला होता. तेच भाडे त्याला पुन्हा भरावे लागले.

हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. तेथे मूळ क्रियापदाचे अर्थ दोन: सज्ज करणे आणि सावध करणे. पहिल्यातून सजावट निघाली. आपल्याकडेही ‘सज्ज’ आणि ‘सजविणे’ एकाच कुळातले आहेत. दुसरा अर्थ कायद्याने जपला. ‘गार्निशी’ म्हणजे ऋणकोचा ऋणको, ज्याला न्यायालय ताकीद देते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने घातलेला नियम ४६-अ याविषयीच आहे.

मराठीत कायद्याला शब्द नाहीत, असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो: पेशवाईतील ताकीदपत्रे मग कोणत्या भाषेत लिहिली गेली? ताकीद, जप्ती, वसुली हे शब्द आजही आमच्या बाजारपेठेत कोणालाही समजतात. उणीव शब्दांची नाही, ते वापरण्याच्या इच्छेची आहे.

दुय्यम न्यायालयांची भाषा ठरविण्याचा अधिकार संहितेच्या कलम १३७ ने राज्य शासनाला दिला आहे. तो आम्ही नाकारीत नाही. परंतु नोटिशीसोबत मराठी भाषांतर जोडण्यास ते कलम आड येत नाही. आमची मागणी तेवढीच आहे. ज्याला ताकीद द्यायची, त्याला ती कळलीच नाही, तर ती ताकीद कसली?