शेवटच्या बॉसचा ठेका



मोबाईल आणि मुले या विषयावर मागे लिहिले, तेव्हा निरगुडसरच्या एका ताईंनी विचारले होते, "भाऊ, माझा बारावीतला मुलगा रात्री कानात इअरफोन घालून एकच गाणे पन्नास वेळा ऐकतो. विचारले तर म्हणतो, आई, हे गाणे नाही, शेवटच्या बॉसचे म्युझिक आहे. हे काय खूळ आहे? याचा पोराच्या डोक्यावर परिणाम होईल का?" त्यांच्या यजमानांनी पुढे भर घातली, की मुलगा आता असले संगीत स्वतः तयार करायचे म्हणतो, आणि कॉमर्स सोडायची भाषा करतो. प्रश्न घरातला असला तरी एका घरापुरता नाही. म्हणून उत्तर या सदरातून देतो.

आम्हा कारकुनांना 'बॉस' म्हटले की फायलीवर शेरा मारणारे साहेब आठवतात. व्हिडिओ गेममधला बॉस वेगळा. खेळात पायरी पायरीने पुढे जायचे असते आणि प्रत्येक टप्प्याच्या टोकाला एक मोठा शत्रू वाट अडवून उभा असतो, तो बॉस. सगळ्यांत शेवटी येतो तो फायनल बॉस. मुले त्याला सर्रास राक्षस म्हणतात. हा शब्द मी स्वतः जपून वापरतो, कारण कोणी कोणाला राक्षस ठरविले याचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा बॉसच म्हणू.

मुलाला बोलावून विचारले तेव्हा कळले, की तो ऐकतो ती धून 'फायनल फँटसी सेव्हन' या जपानी खेळातली आहे. खेळ १९९७ साली स्क्वेअर कंपनीने काढला, तोही तीन सीडींवर, इतका मोठा. शेवटच्या बॉसचे नाव सेफिरोथ. हा आधी नावाजलेला शिपाई असतो. आपला जन्म प्रयोगशाळेतल्या प्रयोगातून झाला असे वाचून तो पिसाळतो आणि गाव जाळतो. त्याच्या शेवटच्या लढाईच्या धुनेचे नाव 'वन-विंग्ड एंजल', म्हणजे एका पंखाचा देवदूत. संगीतकार नोबुओ उएमात्सु.

मी मुलाच्या फोनवरून ती धून तीनदा ऐकली. पहिल्यांदा गोंगाट वाटला हे खरे. पण आपल्या कानांवर भरवसा ठेवण्यापेक्षा जाणकाराला ऐकवावी म्हणून एका रविवारी विहाराच्या ओट्यावर आबांना बोलावले. आबा नारायणगावच्या तमाशाच्या फडांबरोबर तीस वर्षे ढोलकी घेऊन फिरलेले. आता हात थरथरतो, कान शाबूत आहे. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि पहिले वाक्य बोलले ते असे : "आरं, ह्यो मानूस समंवर येतच नाय की रं!"

आबांनी नेमकी नस पकडली होती. या धुनेच्या सुरुवातीला गाणे नाहीच. खर्जातले तुटक ठोके आहेत. पितळी वाद्ये, तंतुवाद्ये आणि मोठे नगारे एकदम घाव घालतात, थांबतात, पुन्हा घालतात. आपला कान पुढचा ठोका कुठे पडणार याचा अंदाज बांधत असतो. ढोलकीवाला तिहाई घेऊन समेवर उतरला की बसल्या जागी माणसाची मान हलते, ती अंदाज खरा ठरला म्हणून. इथे अंदाज चुकविला जातो. जोर भलत्याच ठोक्यावर पडतो किंवा ठोक्याच्या जागी रिकामी जागा येते. मग माणूस अस्वस्थ होतो. अंधारात पायरी आहे समजून पाऊल टाकावे आणि पायरी नसावी, तसे.

ही युक्ती उएमात्सु यांनी कोठून घेतली हेही त्यांनी सांगून ठेवले आहे. रशियन संगीतकार स्ट्राविन्स्की यांची 'राइट ऑफ स्प्रिंग' ही नृत्यरचना २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये प्रथम सादर झाली, तेव्हा प्रेक्षागृहात आरडाओरडा झाला. त्यात एकच कर्कश सुरावट पुन्हा पुन्हा वाजते आणि जोर मात्र दर वेळी निराळ्या ठोक्यावर पडतो. कर्कश म्हणजे काय ते घरी करून पाहा. पेटीवर लागून असलेली एक पांढरी आणि एक काळी पट्टी एकदम दाबा. दोन सूर एकमेकांवर घासतात आणि दातांत खडा आल्यासारखे वाटते. बॉसच्या धुनेत असे घासणारे सूर जागोजागी पेरलेले आहेत.

उएमात्सु दुसरे नाव घेतात ते जिमी हेन्ड्रिक्स यांचे. अमेरिकेतला हा कृष्णवर्णीय गिटारवादक १९४२ साली जन्मला आणि १९७० साली अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. लिखित स्वरलिपी त्याला वाचता येत नव्हती, तरी गिटार या वाद्याची बोलीच त्याने बदलून टाकली. एकीकडे राजेरजवाड्यांच्या नाट्यगृहातला वाद्यवृंद आणि दुसरीकडे वस्तीतून आलेल्या माणसाचा खडबडीत जोर, या दोहोंची सांगड या धुनेत घातली आहे. रचनेची पद्धतही गमतीची. उएमात्सु यांनी सुटे सुटे तुकडे लिहून ठेवले आणि मग चिंध्या जोडून गोधडी शिवावी तसे ते एकमेकांना जोडले. म्हणून ती धून मध्येच वळते, एकदम हळू होते, पुन्हा उसळते.

ठोक्यांनंतर समूहगान सुरू होते. दोन ओळी झाल्या की सगळे मिळून बॉसचे नाव पुकारतात. आबा म्हणाले, "हे तर झीलकरी हायेत." अगदी बरोबर. शाहिराने चढ्या आवाजात ओळ टाकावी आणि मागच्या साथीदारांनी 'जी जी' करून ती उचलून धरावी, तेच काम. फरक एवढाच, की पोवाड्यात झीलकरी शाहिराच्या बाजूचे असतात. इथे ते शत्रूच्या बाजूचे आहेत. खेळणारा एकटा आणि समोरच्याच्या नावाचा जयघोष करणारा जमाव, असे चित्र कानांनीच उभे राहते.

आता या धुनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. समूहगान लॅटिन भाषेत आहे. युरोपात शतकानुशतके ही चर्चमधल्या प्रार्थनेची भाषा होती आणि सामान्य माणसाला ती कळत नसे. खेळणाऱ्या मुलांना वाटते, काहीतरी भयंकर मंत्र चालू आहेत. प्रत्यक्षात हे शब्द कुठले? जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात एका मठात १८०३ साली एक जुनी हस्तलिखित पोथी सापडली. त्यात मध्ययुगातल्या भटक्या विद्यार्थ्यांची आणि चेष्टेखोर पंडितांची गाणी होती. दारूचा गुत्ता, जुगार, प्रेम, धर्मगुरूंची टिंगल, असा सगळा मामला. त्यांतली काही कविता घेऊन कार्ल ऑर्फ या संगीतकाराने 'कार्मिना बुराना' ही रचना केली, ती १९३७ साली फ्रँकफुर्टला प्रथम गायली गेली. उएमात्सु यांनी बॉससाठी शब्द उचलले ते त्यातलेच. आतल्या आत धुमसणारा राग, क्रूर आणि पोकळ दैव, असा काही ओळींचा आशय आहे. त्यांतली रागाची कविता मुळात एका फटिंग कवीने स्वतःच्या गुत्त्यातल्या आयुष्याची दिलेली कबुली आहे! तीच ओळ शंभर कंठांतून, न कळणाऱ्या भाषेत, नगाऱ्यांच्या साथीने आली की अंगावर काटा येतो. न कळणाऱ्या भाषेचा मोठ्या आवाजातला पाठ ऐकून आपले वाडवडील किती पिढ्या दबून राहिले, हे मुलांना समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण मला आजवर सापडले नव्हते. मुलाला अर्थ सांगितला तेव्हा तो आधी हिरमुसला आणि मग पोट धरून हसला.

वडील मंडळींना वाटते की असले संगीत यंत्रच आपोआप बनवते. तसे नाही. १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' नावाचा खेळ आला. त्यात खाली उतरणारे चार खर्ज सूर तेवढे पुन्हा पुन्हा वाजत. शत्रू जसजसे कमी होत, उरलेले वेगाने अंगावर येत आणि सुरांची लयही वाढत जाई. हे तर बैलगाड्याच्या घाटात आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बारी सुटली की हलगीची लय चढते आणि बघणाऱ्याचे काळीज तिच्याबरोबर धावते. पुढे जपानमध्ये १९८३ साली टीव्हीला जोडायचे फॅमिकॉम यंत्र निघाले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात त्याच्या नकला आल्या, कॅसेट घालून 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' खेळलेले बाप आज चाळिशीत असतील. त्या यंत्रात आवाजाच्या वाटा पाचच. दोन सुरांच्या, एक खर्जाची, एक नुसत्या खरखरीची, तिच्यावर तालाचे काम भागवायचे, आणि एक रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांची. पाच माणसांच्या फडात अख्खा वग उभा करावा तसे हे काम. 'फायनल फँटसी सेव्हन' ज्या प्लेस्टेशनवर आला त्यात अशा चोवीस वाटा होत्या. सगळा वाद्यवृंद रेकॉर्ड करून सीडीवर टाकण्याऐवजी यंत्राच्याच आवाजात धून वाजवायची ठरले, आणि समूहगानाचे आवाज तुकड्या-तुकड्यांनी त्यात बसविले.

खेळाच्या संगीतकाराची आणखी एक अडचण सिनेमाच्या संगीतकाराला नसते. सिनेमातली मारामारी चार मिनिटांची असली की संगीतही चार मिनिटांचे. खेळात एक मुलगा बॉसला दहा मिनिटांत हरवील, दुसरा तासभर झुंजेल. म्हणून धून अशी रचावी लागते, की शेवटून ती पुन्हा सुरुवातीला जाऊन मिळावी आणि सांधा कळू नये. शिवाय शंभराव्यांदाही कंटाळा येऊ नये. हे ऐकल्यावर आबा म्हणाले, "मंग ढोलकीवाल्याचं काय निराळं? बाई कवा थांबणार, शिट्टी कवा पडणार, वन्स मोअर किती येणार, हे आमाला कोन सांगत हुतं? हात फिरत ठेवायचा अन् जागा आली का उचलायचं." एवढे नेमके मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही.

इथे एक विषय टाळता येत नाही. आबा हलगीही वाजवत. त्यांच्या भाऊबंदांपैकी काहींना ते आवडत नसे, अजून आवडत नाही. हलगी ही आपल्यावर लादलेली गावकी होती. मिरवणूक दुसऱ्यांची आणि पुढे वाजवत चालायचे आपण, तेही लांबून. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगाव आपल्या लोकांनी गावकीची कामे सोडली, त्यात हे वाजविणेही सुटले. सुटले ते योग्यच झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. पण सक्ती सुटली म्हणजे कानही बहिरा करावा असे नाही. तीच माणसे जलशांतून आणि भीमगीतांतून ढोलकी घेऊन पुढे आली, तेव्हा ती कोणाच्या हुकमाने वाजवत नव्हती. नातवाच्या वयाच्या पोराने जपानी धून लावली आणि आबांना तिच्यातली खोच पहिल्याच फेऱ्यात कळली. ही विद्या आहे. तिला दाखला नाही म्हणून ती विद्या नव्हे, असे म्हणायला मी तयार नाही.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. डोक्यावर परिणाम होईल का? आवाज मोठा ठेवला तर कानावर होईल, तेवढा धाक जरूर दाखवा. रात्री दहानंतर फोन चुलीपाशी, म्हणजे आता गॅसच्या ओट्यापाशी, ठेवण्याचा नियमही करा. पण एकच धून पन्नास वेळा ऐकणे हे वेड नव्हे. त्यात पोरगा काय ऐकतो ते एकदा शेजारी बसून विचारा.

यजमानांच्या काळजीला मात्र वजन आहे. उसाच्या आणि भाजीच्या मजुरीवर घर चालते, तिथे 'संगीतकार होतो' हे ऐकून बापाच्या पोटात गोळा येणारच. उएमात्सु १९५९ साली कोची शहरात जन्मले. संगीताचे रीतसर शिक्षण नाही, स्वतःच शिकले. गाणी भाड्याने देणाऱ्या दुकानात कामाला होते, तिथे स्क्वेअरमध्ये काम करणाऱ्या एका बाईंनी विचारले, की आमच्या खेळांना संगीत द्याल का. २३ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात देशोदेशींचे खेळाडू मैदानात आले ते व्हिडिओ गेमच्या संगीतावर, आणि त्यात उएमात्सु यांच्याही धुना होत्या. आपल्याजवळचे उदाहरण अजय-अतुल यांचे. त्यांचे बालपण राजगुरुनगर, जुन्नर, शिरूर या भागांत गेले आणि 'सैराट'च्या संगीतासाठी त्यांनी थेट अमेरिकेतला वाद्यवृंद वापरला. पण अशा एकामागे न दिसणारे हजार असतात, हे हिशेबाचा माणूस म्हणून मला सांगितलेच पाहिजे. म्हणून मुलाला मी स्पष्ट म्हटले, "बारावी कॉमर्स पूर्ण कर. पदवीला पुण्याला गेलास तर विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात चौकशी कर, तिथे संगीत शिकवतात. लोककलेकडे ओढा असेल तर मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे." स्वरलिपी लिहिण्याचे म्यूझस्कोर आणि धून बांधण्याचे एलएमएमएस हे प्रोग्राम संगणकावर फुकट मिळतात. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

मुलाने गेल्या रविवारी स्वतःची एक धून आणली होती. बॉस त्याच्याच डोक्यातला, गावकी मागणारा पाटील, आणि ठेका आबांकडून फोनवर रेकॉर्ड करून घेतलेल्या हलगीचा. वडीलही आले होते, मागे उभे राहून ऐकत होते. आबांनी ठेका मोजला आणि चौथ्या फेऱ्यात एक ठोका जास्त पडतो हे दाखवून दिले. मुलगा म्हणाला, "आबा, तो मुद्दाम टाकलाय." आबांनी पुन्हा ऐकले, आणि मग त्याच्याकडून आणखी दोनदा लावून घेतले.

पुढील अंकी दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांविषयी लिहीन. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा, तहसील कचेरीत जूनमध्ये रांग लागते.