परमुलखातील अपंगसेवा: आक्षेप आणि समाधान

सधन देशांतील माणसे आपली रजा खर्ची घालून परमुलखात जातात आणि तेथील अपंग मुलांना चाकांच्या खुर्च्या, कुबड्या, कॅलिपर इत्यादी साधने मिळवून देण्याच्या कामी हातभार लावतात, हा उपक्रम निष्फळ, किंबहुना अपायकारकच होय, असे मत सांप्रत सुशिक्षित वर्गात रूढ होऊ लागले आहे. या मताचे पुरस्कर्ते मुलांच्या हिताचे वैरी नव्हेत. त्यांचे आक्षेप अनुभवातून आलेले आहेत, आणि म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर देणे अगत्याचे आहे.

आक्षेप मुख्यतः तीन. विमानभाड्याची रक्कम तशीच पाठवली तर तीत कितीतरी अधिक खुर्च्या येतील, हा पहिला. बाहेरून फुकट आलेली साधने त्या भूमीला व त्या मुलाला मानवत नाहीत, लौकर मोडतात आणि स्थानिक कारागिराच्या पोटावर पाय आणतात, हा दुसरा. अशा सेवेत मूल दयेचा विषय बनते आणि त्याच्या व्यंगाची छायाचित्रे दात्याच्या कीर्तीसाठी वापरली जातात, हा तिसरा.

यांतील दुसरा आक्षेप सर्वांत सबळ, म्हणून त्यापासूनच आरंभ करू. रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीसाठी बनलेली, पुढची चाके लहान व अरुंद असलेली खुर्ची कच्च्या वाटेवरील वाळूत नि चिखलात रुतते. प्रौढाच्या मापाच्या आसनात बसवलेले सेरेब्रल पाल्सीचे मूल एका अंगाला कलंडत राहते व त्याच्या कण्याचा बाक वाढत जातो. आणि मज्जारज्जूच्या विकाराने ज्याच्या कमरेखालची संवेदना गेली आहे, अशा मुलाला योग्य गादी न मिळाल्यास दाबाने व्रण पडून त्यांतला जंतुसंसर्ग जिवावरही बेततो. तेव्हा ‘काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरे’ हे समर्थन येथे टिकत नाही, हे आम्ही निःसंदिग्धपणे मान्य करतो.

परंतु या आक्षेपाने सिद्ध होते ते एवढेच की, मापे न घेता वस्तू वाटण्याची रीत सदोष आहे. आणि हे एकदा कबूल केले की पहिला आक्षेप आपोआप निकालात निघतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत खुर्ची देण्याच्या कामाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत: शिफारस व नोंद, तपासणी, साधनाची निवड, पैशाची तजवीज व मागणी, जुळणी, मापात बसवणे, वापराचे शिक्षण, आणि शेवटी दुरुस्ती व फेरतपासणी. यांतली एकच पायरी मुख्यतः द्रव्याने चढता येते. उरलेल्या सातांना जाणता हात व सराईत नजर लागते. डोळे तपासल्यावाचून जसा चष्मा देता येत नाही, तशीच ही खुर्चीही देता येत नाही. ही विद्या जेथे अद्याप पोहोचलेली नाही, तेथे ती केवळ रकमेच्या हुंडीने जात नाही. ती शिकवणाऱ्या माणसाबरोबरच जाते.

याला दाखले आहेत. व्हॅलरी टेलर ही इंग्रज फिजिओथेरपिस्ट 1969 साली स्वयंसेविका म्हणून तत्कालीन पूर्व पाकिस्तानातील चंद्रघोना येथील रुग्णालयात रुजू झाली आणि पुढे 1979 मध्ये ढाक्याच्या एका रुग्णालयाच्या आवारातील सिमेंटच्या दोन कोठारांत तिने पक्षाघातग्रस्तांच्या पुनर्वसनाचे केंद्र सुरू केले. तेच केंद्र आज सावर येथे रुग्णांवर उपचार करते, साधने तयार करते आणि बांगलादेशी उपचारतज्ज्ञ घडवते. राल्फ हॉचकिस हा अमेरिकन अभियंता स्वतः चाकांच्या खुर्चीत बसणारा. 1980 साली तो निकाराग्वात गेला आणि तेथील अपंगांबरोबर बसून, स्थानिक बाजारात मिळणाऱ्या पोलादी नळ्यांतून त्यांनाच बांधता व दुरुस्त करता येईल अशी खुर्ची त्याने सिद्ध केली. येथे कारागिराचे पोट मारले गेले नाही; कारागीर निर्माण झाला.

उरला तिसरा आक्षेप. मुलाच्या संमतीवाचून त्याचे व्यंग जगापुढे मांडणे गैर आहे, यात वाद नाही. परंतु दयेच्या दोषावर उपाय म्हणून पाठ फिरवणे हा न्याय नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क कराराच्या विसाव्या कलमाने स्वतंत्र हालचालीची सोय हा अपंगांचा हक्क ठरवला आहे आणि बत्तिसाव्या कलमाने त्यासाठी राष्ट्रांनी परस्परांस साहाय्य करावे असे म्हटले आहे. जेथे हक्क आहे, तेथे जाणारा माणूस उपकारकर्ता न राहता कर्तव्याचा भागीदार होतो.

म्हणून आमचा सिद्धांत असा: जो कोणतेही कौशल्य अंगी नसता, कोणी बोलावले नसता, चार दिवस वस्तू वाटून परत फिरतो, त्याने घरीच राहून पैसे पाठवावेत, त्याच्या बाबतीत आक्षेपकांचे म्हणणे खरे आहे. परंतु स्थानिक संस्थेच्या पाचारणावरून, तिच्या हुकमतीखाली, पुरेशा मुदतीसाठी जो जातो, मापे घेणे, आसन बसवणे, जोडकाम करणे यांपैकी एखादी विद्या जाणतो आणि ती तेथील हातांत ठेवूनच परततो, त्याच्या सेवेला पर्याय नाही.

हा प्रश्न पाश्चात्त्यांपुरता समजून आपण अलिप्त राहण्याचेही कारण नाही. आयात केलेला कृत्रिम पाय आपल्या अनवाणी चालण्याला व उकिडवे बसण्याला जुळेना, तेव्हा रामचंद्र शर्मा या कारागिराने व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर पाय घडवला, आणि पुढे भारतीय तंत्रज्ञांनी परदेशांत शिबिरे भरवून तो कित्येक अपंगांना बसवला. घेणाऱ्यांच्या रांगेतून देणाऱ्यांच्या रांगेत आलेल्या देशाचे आपण नागरिक आहोत. महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या फिजिओथेरपिस्टांनी, कृत्रिम अवयवांच्या तंत्रज्ञांनी व अभियंत्यांनी ही विद्या प्रथम आपल्या तालुक्यांत रुजवावी, आणि जेथून बोलावणे येईल तेथे ती घेऊन निःसंकोच जावे, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.