लांडग्याला पोसतो कोण?

जालना जिल्ह्याच्या माळावर लांडगा परत आला आहे, त्याचे आता काय करावयाचे, हा प्रश्न चावडीपासून तहसील कचेरीपर्यंत विचारला जातो. विचारणाऱ्यांत शिकारीचा वारसा सांगणारे पुष्कळ आहेत; आणि नवल असे की, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकार केली त्यांच्यातच या बाबतीत एकमत नाही. कोणी बंदुकीची परवानगी मागतो. कोणी म्हणतो, लांडगा हा आमच्या पिकाचा राखणदार आहे. कोणी त्याच्या केसालाही धक्का लागता कामा नये म्हणून बजावतो. आणि लांडग्याची वाट, वेळ व बीळ ज्याला खरोखर ठाऊक आहे, त्या पारध्याला कोणी विचारीतच नाही. या मतभेदाला ‘शेतकरी विरुद्ध निसर्गप्रेमी’ असे सोपे नाव देऊन मोकळे होण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः हा मतभेद स्वभावाचा नाही आणि ज्ञानाचाही नाही. लांडगा जगविण्याचा खर्च कोणाच्या पदरातून जातो आणि त्याचे श्रेय कोणाच्या पदरात पडते, या हिशेबातून तो उपजला आहे. हा हिशेब मांडल्यावाचून लांडग्याच्या ‘व्यवस्थापना’ची भाषा करणे म्हणजे नाव न घेता गरिबाच्या माथी कर बसविणे होय.

प्रथम ‘परत आला’ या शब्दप्रयोगाचाच विचार करू. लांडगा गेला होता कोठे? तो घनदाट अरण्यातला प्राणी नव्हे. दख्खनचे कोरडे माळ, गवताळ पडीक, ओढ्याकाठची बाभुळबने हेच त्याचे घर. जालना हा राज्यातील अत्यल्प वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. येथला लांडगा वनखात्याच्या हद्दीत मावणारा नाही. तो गावाच्या गायरानात, कोणाच्या तरी पडीत आणि मेंढरांच्या मागोमाग जगत आला. मग बदलले काय? १९७६ साली जायकवाडीचे धरण उभे राहिले आणि डाव्या कालव्याच्या पाण्याने अंबड, घनसावंगी, परतूरकडची रया पालटली. उसाचा पट्टा आला, अन्यत्र मोसंबीच्या बागा आल्या. औद्योगिक वसाहती वाढल्या. समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या छातीवरून गेला. यातल्या प्रत्येक गोष्टीचा कोणाला ना कोणाला लाभ झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु माळ आटला हेही तितकेच खरे. आडोसा गेलेला प्राणी बांधावर दिसू लागला की तो ‘वाढला’ असे वाटते. दिसणे आणि वाढणे यांतला भेद जो ध्यानात घेत नाही, त्याच्या हाती बंदूक तरी कशी द्यावी?

आता एकेका शिकाऱ्याचे म्हणणे पाहू. पहिला वर्ग परवान्याची बंदूक बाळगणाऱ्यांचा. यांच्या वाडवडिलांनी निजामी अमदानीत जहागीरदारांच्या शिकारीत हाका घातला, क्वचित स्वतःही शिकार खेळली. १९४८ साली संस्थान गेले, पाठोपाठ जहागिऱ्या गेल्या, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही गेली. मात्र भिंतीवरची बंदूक आणि तिच्याबरोबरचा मिजास राहिला. यांचे म्हणणे असे की, वर्षाकाठी ठराविक लांडगे मारू द्या, म्हणजे गोरगरिबांच्या शेळ्या-मेंढ्या वाचतील. गरिबाच्या कळवळ्याने बंदूक मागणाऱ्यांना एकच विचारावयाचे : हा प्रयोग यापूर्वी झाला नाही काय? इंग्रजी अमलात लांडग्याच्या शिरावर सरकारी इनाम होते. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत या देशात २ लाखांवर लांडगे मारले गेले. त्या संहाराने धनगराचे कर्ज फिटले काय? त्याला चराईचा हक्क मिळाला काय? इनाम घेणारे घेऊन गेले आणि मेंढपाळ होता तेथेच राहिला. शिवाय लांडगा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला उपद्रवी प्राणी म्हणून जाहीर करता येत नाही. माणसाच्या जिवाला धोका निर्माण झाला किंवा प्राणी बरा न होण्याइतका रोगग्रस्त वा जायबंदी असला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतो. २०२४ साली उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात लांडग्यांच्या हल्ल्यांत मुले बळी पडली. तशी वेळ आली तर माणसाचा जीव प्रथम, याविषयी कोणा समाजवाद्याच्या मनात किंतु असण्याचे कारण नाही. त्यासाठी कायद्यात वाट आहे. परंतु अपवादाचे निमित्त करून बाराही महिने बंदूक मागणे ही लबाडी आहे.

दुसरा वर्ग शेतकऱ्यांचा. याचे वैर रानडुकराशी आणि रोहीशी. रात्रीत ज्वारीचे ताट आडवे करणारे हे प्राणी मारण्यासाठी परवानगी देण्याची तरतूद राज्यात आहे. पण अर्ज, पंचनामा आणि नेमबाज यांचा मेळ बसेपर्यंत पीक शिल्लक राहत नाही. या वर्गातले काही जाणते म्हणतात, लांडगा डुकराची पिले, रोहीचे पाडस, ससे, उंदीर खातो, तेव्हा तो असू द्या. या मतात तथ्य आहे. मात्र त्याची एक बाजू अंधारात राहते. शेतकऱ्याचे पीक राखणारा लांडगा पोट भरण्यासाठी धनगराचे कोकरूही उचलतो. म्हणजे बागाइतदाराला राखणदार फुकट मिळतो आणि त्या राखणदाराचा पगार भूमिहीन मेंढपाळ देतो!

तिसरा वर्ग शहरातला. याने बंदूक टाकून कॅमेरा हाती घेतला. शिकारीची हौस तीच, हत्यार तेवढे निराळे. लांडगा वाचलाच पाहिजे असे तो म्हणतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. देशात जेमतेम तीन हजारांच्या आसपास लांडगे उरले असावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे. ही संख्या वाघांहूनही कमी आहे. परंतु याच्या प्रेमाची किंमत कोणी मोजावयाची, हा प्रश्न त्याला सुचत नाही. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी व शिर्सुफळ येथे वनखात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. उद्या तशी जालन्यातही होईल. तिकिटाचा पैसा ज्याच्या कळपावर लांडगा जगला त्याच्यापर्यंत पोहोचणार आहे काय, हे आजच विचारले पाहिजे.

चौथा वर्ग फासेपारध्यांचा. यांची शिकार हौसेची कधीच नव्हती. ती पोटाची होती. तितर, ससा, हरीण यांच्या मागे पिढ्या घालवलेला हा समाज माळाचा चालता-बोलता ग्रंथ आहे. १८७१ च्या कायद्याने अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविण्याची वाट इंग्रजांनी घालून दिली; १९५२ साली तो कायदा रद्द झाला. १९७२ साली शिकारबंदी आली तेव्हा राजेरजवाड्यांची करमणूक आणि पारध्याची भाकरी एकाच तराजूत तोलली गेली. राजाला करमणुकीची दुसरी साधने होती. पारध्याला भाकरीचे दुसरे साधन दिले गेले नाही. शिकारबंदी योग्यच होती. अन्याय झाला तो बंदीबरोबर पर्याय न दिल्यामुळे. पारध्याचे म्हणणे ऐकाल तर ते साधे असते : लांडग्याशी आमचे भांडण नाही, त्याला काय आणि आम्हाला काय, उभे राहायला माळच उरला नाही. सगळ्या शिकाऱ्यांत मुळाशी हात घालणारे हे एकच मत आहे आणि नेमके तेच कोणत्याही बैठकीच्या इतिवृत्तात सापडत नाही.

या चारही वर्गांच्या पलीकडे, स्वतः शिकारी नसलेला पण शिकार होणारा, धनगर उभा आहे. रात्री जाळीच्या वाघुरीत मेंढरे कोंडून, राखणीची कुत्री सोडून, बायकामुलांसह उघड्यावर तो झोपतो. त्याचा कळप शेतात बसविल्याने लेंडीखत मिळते, त्याबद्दल शेतकरी त्याला धान्य वा पैसे देतो. या साऱ्या अर्थव्यवहारात लांडगा हा त्याच्या माथीचा कायमचा खर्च. काही धनगर ‘त्याचा वाटा त्याने नेला’ असे म्हणून पुढची वाट धरतात. काहींनी बिळात धूर कोंडून पिले मारल्याचेही प्रकार घडतात. पहिल्याला संत म्हणावे आणि दुसऱ्याला गुन्हेगार, ही आपली सोयीची नीती. दोघांचा तोटा मात्र सारखाच आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर वन्यजीव ही सार्वजनिक संपत्ती आहे. तिचा लाभ साऱ्या समाजाला, किंबहुना पुढच्या पिढ्यांनाही आहे. सार्वजनिक लाभाचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून व्हावा, हा साधा न्याय. कारखानदार धुराचा खर्च गावावर टाकतो, तेव्हा नफा खासगी आणि तोटा सार्वजनिक असतो. त्याविरुद्ध आपण आवाज उठवितो. लांडग्याच्या बाबतीत नेमके उलट घडते. लाभ सार्वजनिक आणि तोटा खासगी, तोही सर्वांत निर्धन माणसाचा. हा अन्याय पहिल्याहून कमी कसा? २०२२ साली नामिबियातून ८ चित्ते विमानाने आणून कुनोत सोडले गेले, त्यासाठी तिजोरी मोकळी झाली. ज्या माळांनी एके काळी चित्ता पोसला त्याच माळांवर लांडगा आजही विनाखर्च जगतो आहे. विनाखर्च म्हणजे सरकारच्या दृष्टीने विनाखर्च!

नुकसानभरपाई आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे, कागदावर ती आहे. बाजारभावाचा पाऊण हिस्सा, तोही कमाल मर्यादेच्या आत. म्हणजे उरलेला पाव हिस्सा धनगराने राष्ट्राला दान करावयाचा. तो मिळविण्यासाठी मुदतीत वर्दी, मग पंचनामा, पशुवैद्याचा दाखला. लांडगा कोकरू उचलून नेतो; मृत देहच नाही तर पंचनामा कशाचा? कळप आज बदनापुरात तर चार दिवसांनी भोकरदनात. अधिकारी येईपर्यंत थांबावे तर उरलेली मेंढरे उपाशी. गाभण मेंढी गेली तर पोटातले कोकरू हिशेबात कोण धरतो? ही व्यवस्था घर, शेत आणि सातबारा असलेल्या माणसासाठी रचलेली आहे. फिरस्त्याला तीत जागा नाही.

युरोपात सध्या चाललेल्या वादाचा दाखला आपल्याकडील बंदूकवाले देतात, म्हणून त्याचाही विचार केला पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये बर्न कराराच्या सदस्य राष्ट्रांनी लांडग्याचे संरक्षण एक पायरी खाली आणले आणि २०२५ साली युरोपीय संघाने आपला कायदा त्यानुसार बदलला. तेथल्या शिकाऱ्यांतही दोन तट आहेत : लांडगा आमची हरणे व शिकारी कुत्री मारतो म्हणून त्याला आवर घाला म्हणणारे, आणि त्याची जागा त्याला द्या म्हणणारे. परंतु युरोपीय संघात लांडगे वीस हजारांच्या घरात आहेत आणि जर्मनीसारख्या देशात विजेच्या कुंपणाला व राखणीच्या कुत्र्यांना सरकारी अर्थसाहाय्य मिळते. तेथले कुंपण, तेथली भरपाई यांचे नाव न काढता तेथली तेवढी बंदूक आयात करणे, ही कोणती अक्कल?

आता सर्वांत अवघड मुद्द्याकडे वळू. गायरान वाचवा म्हटले की, आपल्याच चळवळीतील मित्र विचारतात : मग भूमिहीनांचे काय? प्रश्न रास्त आहे. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. १९७० साली समाजवादी व कम्युनिस्ट पक्षांनी भूमिमुक्तीचे आंदोलन केले. मराठवाड्यात गायरानावर कसून जगणारी दलित व पारधी कुटुंबे आहेत. लांडग्याचे नाव पुढे करून त्यांना हुसकावण्याचा डाव कोणी मांडला, तर त्याविरुद्ध प्रथम आपण उभे राहू. परंतु गायरान गिळले ते काय भूमिहीनाच्या दोन एकरांनी? सरकारी दप्तरात गवताळ माळाला ‘पडीक’ म्हणतात. पडीक म्हणजे कोणाची नसलेली, म्हणून कोणालाही देता येणारी जमीन! २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनी राखण्याचा आदेश दिला. त्या आदेशाचा बडगा झोपडीवर पडतो; त्याच वेळी सौर कृषी वाहिनीसारख्या योजनांखाली गायराने वीज प्रकल्पांकडे जातात. शेताला दिवसा वीज मिळावी हे खरेच. पण मेंढरू चरते तीच जमीन त्यासाठी का? भूमिहीन, धनगर, पारधी आणि लांडगा हे चौघे एकमेकांचे वैरी नव्हेत. उरलेल्या तुकड्यावर त्यांना झुंजविणारा तिसराच आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. जिल्ह्यातील गायरानांची गाववार मोजणी जाहीर व्हावी आणि उरलेला माळ ‘पडीक’ न म्हणता ‘चराऊ गवताळ प्रदेश’ म्हणून दप्तरी लागावा. कसणाऱ्या भूमिहीनांचे हक्क मान्य करून बाकीच्या माळाची व्यवस्था ग्रामसभेकडे असावी आणि तीत फिरत्या मेंढपाळांना प्रतिनिधित्व असावे. भरपाई पूर्ण बाजारभावाने, जिल्ह्याची हद्द न पाहता, मेंढपाळांच्या पंचांच्या साक्षीवर मिळावी. लांडग्यांचा माग व मोजदाद या कामी पारधी तरुणांना कायम नोकरी मिळावी. रोजंदारीची भीक नको. मोकाट कुत्र्यांना पिसाळरोगाची लस टोचावी, कारण पिसाळलेला लांडगा माणसाला फार घातक असतो आणि कुत्र्यांशी होणारा संकर लांडग्याची जातच बुडवू शकतो. पुण्याजवळ असा संकर जनुकीय तपासणीत आढळलेला आहे.

शिकाऱ्यांचे मतभेद ऐकून घ्यावेत, पण निर्णय त्यांच्या मतांवर सोडू नये. लांडगा राहावा की जावा, हे ठरविण्याचा पहिला अधिकार जो आजवर त्याला पोसत आला त्याचा आहे. आपण त्याचे देणे चुकते केले, तर धनगर लांडग्याला मारावयाला जाणार नाही. ते न करता केलेला प्राणिदयेचा जयघोष आणि बंदुकीचा आग्रह, दोन्ही सारखेच पोकळ आहेत.