ठळक म्हणजे महत्त्वाचे?

समजा, चिमूरच्या एका शाळेतील मुले गावाविषयी वेबपान तयार करीत आहेत. त्यात १६ ऑगस्ट १९४२ च्या चिमूर क्रांतीची माहिती आहे, मोहाच्या झाडाची आहे आणि मोहफुले वेचणाऱ्यांसाठी एक इशाराही आहे: 'सावधान! जंगलात वाघ आहे, एकट्याने जाऊ नका.' मथळा ठळक हवा, 'मोह' हा शब्द ठळक हवा आणि इशाराही ठळक हवा. मग तिघांनाही एकच खूण केली तर बिघडले कुठे?

माझ्या मते बरेच बिघडते. वेबपान ज्या एचटीएमएल भाषेत लिहितात, तिच्यातील खुणा मजकूर कसा दिसावा यापेक्षा तो काय आहे हे सांगण्यासाठी असतात. मथळ्यासाठी 'एच १' ते 'एच ६' या खुणा आहेत. महत्त्वाच्या, गंभीर किंवा तातडीच्या मजकुरासाठी 'स्ट्राँग' आहे. धड्यातील एखाद्या शब्दाकडे नुसते लक्ष वेधायचे असेल, तर 'बी' पुरे. २०१४ साली प्रमाण ठरलेल्या एचटीएमएल ५ मध्ये हा भेद स्पष्ट केलेला आहे.

डोळ्यांना 'बी' आणि 'स्ट्राँग' सहसा सारखेच दिसतात. मग भेद कोणासाठी? दृष्टिहीन विद्यार्थी पान ऐकतो. मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीत एक कळ दाबून त्याला एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जाता येते. पण मथळा नुसता 'बी'ने ठळक केला असेल, तर त्या प्रणालीला तो मथळा म्हणून सापडतच नाही! हवी ती माहिती शोधण्यासाठी बिचाऱ्याला सारे पान ऐकत बसावे लागते.

'स्ट्राँग' लावले म्हणजे संगणक आवाज चढवून वाचील, असेही समजू नका. पुष्कळ प्रणाली त्याचा वेगळा उच्चार करीत नाहीत. म्हणून 'सावधान' हा शब्द मजकुरातच हवा.

तेव्हा खूण करण्यापूर्वी स्वतःला विचारा, 'हे ठळक कशासाठी?' 'छान दिसते म्हणून' एवढेच उत्तर असेल, तर ते काम सीएसएसवर सोपवा. शिक्षकांनीही पान तपासताना एकदा डोळे मिटून ते ऐकावे. जे पान ऐकूनही नीट समजते, तेच चांगले पान!