शब्दांची गंमत : हाव, येप आणि नोप

बालमित्रांनो, आपल्या वर्धेकडे कुणी विचारलं, "जेवला का?" तर उत्तर येतं, "हाव." समोर आजोबा असले तर "हाव जी", आणि वर्गातला दोस्त असला तर "हाव ना बे!" पुण्या-मुंबईचे पाहुणे हे ऐकून हसतात. मग आपल्यातली काही मुलं तो "हाव" गिळूनच टाकतात. पण ज्या इंग्रजीचा आपल्याला एवढा धाक वाटतो, तिच्या घरातही असे "हाव" आहेतच बरं का!

तिकडची मुलं दोस्तांशी बोलताना दर वेळी "यस" म्हणत बसत नाहीत. "या" म्हणतात. आपल्याला वाटावं, "या, बसा" म्हणताहेत! कधी "येप", तर नकाराला "नोप". हा "प" आला कुठून? "नो" म्हणा आणि झटकन ओठ मिटा. आला ना "प"? "यू बेट" म्हणजे शब्दशः "लाव पैज", पण अर्थ "अगदी नक्की!"

आणि "ओके"? ही तर चक्क थट्टा होती. तेव्हा अमेरिकेत मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची लघुरूपं करायची टूम निघाली होती. "ऑल करेक्ट"चं असंच वेडंवाकडं स्पेलिंग करून त्याचं "ओके" केलं, आणि ते 23 मार्च 1839 रोजी बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात छापून आलं. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेन किंडरहूक गावचे, म्हणून त्यांना "ओल्ड किंडरहूक" म्हणत. त्याचंही लघुरूप ओके! ते निवडणूक हरले, शब्द मात्र जगभर गेला.

आता जरा नीट लक्ष द्या, कारण इथे भले भले फसतात. सरांनी विचारलं, "डिडन्ट यू डू युअर होमवर्क?" तुम्ही केलेला नाही. मराठीत आपण सहज म्हणतो, "हो सर, नाही केला." हो म्हणजे, तुमचं म्हणणं खरं आहे. म्हणून इंग्रजीतही "यस सर" म्हणालात, तर सर समजतील गृहपाठ झाला, आणि वही मागतील! केला नसेल तर "नो, सर" म्हणायचं. प्रश्न कसाही विचारलेला असो, काम झालं तर यस, नाही झालं तर नो. पालकांनी घरी असे चार-पाच प्रश्न विचारून पाहावेत. पाठांतरापेक्षा हे लवकर पचतं. "येप-नोप" दोस्तांपुरतंच ठेवा, सरांना आणि उत्तरपत्रिकेत नको. आजोबांना आपण "हाव बे" म्हणतो का?

एका बाबतीत मात्र आपली मराठी श्रीमंत. "चहा घेतला का?" "नाही." "चहा घेता का?" "नको." इंग्रजीत दोन्हीकडे "नो"च, म्हणून बिचाऱ्यांना मागे "थँक्यू" जोडावं लागतं. हैदराबादला गेलात तर तिथल्या दखनी बोलीत "नक्को" ऐकू येईल. तो आपलाच "नको"!

तुमच्या गावात, तुमच्या आजीच्या बोलीत "हो" आणि "नको" आणखी कसं म्हणतात? पोस्टकार्डावर लिहून पाठवा.