परीक्षा घड्याळाची की मनगटाची?

वस्तूंनाही कथा असतात, असे अलीकडे चर्चासत्रांतून वारंवार ऐकू येते. आम्हांला हे विधान अर्धवट वाटते. वस्तूंच्या कथा कोणीतरी रचलेल्या असतात, आणि रचणाऱ्याचा हेतू तपासणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे पहिले काम आहे. ते टाळले की काय होते, हे ट्यूडर कंपनीच्या ‘रेंजर’ या मनगटी घड्याळावरून दिसावे.

हे यांत्रिक घड्याळ जुलै २०२२ मध्ये बाजारात आले. निमित्त होते ब्रिटिश उत्तर ग्रीनलंड मोहिमेला ७० वर्षे झाल्याचे. पोलादी बांधा, काळी तबकडी, ठळक आकडे. वस्तू भक्कम आहे, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. आमचा आक्षेप आहे तो ‘प्रेरणा’ या शब्दाला. मोहिमेवर गेलेली २६ घड्याळे ‘ऑयस्टर प्रिन्स’ जातीची होती. ‘रेंजर’ हे नाव १९२९ साली नोंदवलेले, आणि आजचा चेहरामोहरा १९६० च्या दशकातला. म्हणजे नाव एकीकडचे, रूप दुसरीकडचे आणि पराक्रम तिसरीकडचा! पाठचिकित्सा शिकलेल्या वाचकाने अशी संहिता हाती येताच तिच्यातले प्रक्षेप वेगळे काढले असते. कंपनी यातले काही लपवतही नाही (हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे). परंतु वाचणारेच भारावलेले असतात.

कमांडर जेम्स सिम्पसन यांच्या नेतृत्वाखालील ही मोहीम १९५२ ते १९५४ अशी दोन वर्षे चालली. हिमस्तराची जाडी मोजणे, हवामानाच्या नोंदी ठेवणे, हे तिचे रोजचे, कंटाळवाणे काम. ‘नॉर्थआइस’ या ठाण्यावर ९ जानेवारी १९५४ रोजी उणे ६६.१ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, तेही अशाच कोणा नोंद ठेवणाऱ्यामुळे. घड्याळे दिली होती तीसुद्धा तपासणीसाठी. सदस्यांनी बीबीसीच्या वेळसंकेताशी ती ताडून पाहायची आणि पडलेला फरक लिहून ठेवायचा. तेथे परीक्षा घड्याळाची होती. माणूस परीक्षक होता.

आजच्या जाहिरातीने हे नाते नेमके उलटे केले आहे. आता घड्याळ सिद्ध आहे, परीक्षा द्यायची आहे ती मनगटाने. नोंदवहीची जागा साहसाने घेतली, आणि वेळ लिहिणारा माणूस पुसला जाऊन त्याच्या जागी एकटा, मूक, दाढीला बर्फ लागलेला वीर उभा राहिला. क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ १९६९ साली आले. मोहिमेच्या काळात यांत्रिक घड्याळ बांधणे ही आवडनिवड नव्हती, दुसरे काही बाजारात उपलब्धच नव्हते. त्या अपरिहार्यतेला आज अभिरुची म्हणून विकले जाते.

अशा मजकुराला ‘प्रवासलेखनाचा नवा आविष्कार’ म्हणून वर्गात नेऊ पाहणाऱ्या प्राध्यापक मित्रांना आमचे एवढेच सांगणे आहे, की जाहिरात खुशाल न्यावी, पण तिच्याशेजारी त्या फरकांच्या नोंदीही ठेवाव्यात, आणि विद्यार्थ्यांना आधी नोंदी वाचायला लावाव्यात.