‘कोणीच पाहिले नाही’, म्हणजे घडलेच नाही?

जानेवारी २०१८. औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) वैदिक संमेलनासाठी आलेले तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त अवैज्ञानिक ठरवला आणि पाठ्यपुस्तके बदलण्याची भाषा केली. आधार कोणता? वानराचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणी लिहून वा सांगून ठेवलेले नाही!

हे गृहस्थ मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. प्रत्यक्षदर्शी नाही म्हणून तपास बंद करायचा, तर किती खुनी मोकाट सुटतील?

हा निकष मान्य केला, तर इतिहासही उरत नाही. सोनपेठ तालुक्यातून पुढे जाणारी गोदावरीच घ्या. तिच्या खोऱ्यात, प्रवरेकाठी नेवाशाजवळ, गुद्रुन कोर्विनस यांनी १९६० च्या दशकात चिरकी येथे उत्खनन करून अश्मयुगीन हातकुऱ्हाडी उजेडात आणल्या. त्या घडवणारे हात कोणी पाहिले? पैठणची सातवाहन नाणी पाडली जाताना कोण हजर होते? तरीही थर, धातू आणि लिपी बोलतात, आणि त्यांचे ऐकून घेणे हेच इतिहासकाराचे काम.

माणसाच्या पेशीतही असाच एक लेख आहे. चिंपांझी, गोरिला, ओरँगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या, माणसात २३. एक जोडी गेली कुठे? माणसाच्या दुसऱ्या गुणसूत्राच्या आत, एरवी केवळ टोकांना असणारी डीएनएची खूण समोरासमोर जोडलेली आढळते, हे १९९१ मध्ये दाखवण्यात आले. दोन जुनी गुणसूत्रे तेथे सांधली गेली आहेत. (आजच्या वानराचा माणूस झाला, असे विज्ञान म्हणतच नाही, दोघांचा पूर्वज एक होता, असे म्हणते.)

गंमत अशी की, ‘तुम्ही तिथे होता का?’ हा प्रश्न अमेरिकेतील ख्रिस्ती सृष्टिवादी केन हॅम मुलांना विचारायला शिकवतात. वैदिक म्हणून मिरवलेला युक्तिवाद तंतोतंत त्याच साच्यातला निघावा!

देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी तेव्हा संयुक्त निषेध नोंदवला. वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही अशी विधाने टाळण्यास बजावले. प्रकरण मिटले, असे वाटले. मात्र २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याची नुसती ‘आनुवंशिकता’ झाली. कारण दिले गेले ते अभ्यासाचा भार हलका करण्याचे. १,८०० हून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी विरोधाचे पत्र लिहिले. भार हलका करताना नेमका हाच भाग जड वाटावा, हे पटणारे नाही.

सोनपेठच्या राज्य मंडळाच्या शाळेत दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या २०१८ च्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. पुढे कला वा वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या मुलीची या विषयाशी तीच शेवटची भेट. राज्याचा अभ्यासक्रम नव्या धोरणानुसार पहिलीपासून बदलू लागला आहे. दहावीची पाळी येईल तेव्हा या धड्याच्या नावातला दुसरा शब्द शिल्लक असेल का, हे पाहायला आपण सगळे हजर असणार आहोत.